अपंगत्वानंतर पुन्हा ड्रायव्हिंग (अडॅप्टेड गाडी)

अपघात, मणक्याला मार, पाय कापावा लागणं, पोलिओ, पॅरालिसिसचा अटॅक अशा कुठल्याही कारणाने हातपाय पहिल्यासारखे चालेनासे झाले तरी गाडीत हवे ते बदल करून माणूस परत स्वतः गाडी चालवू शकतो. अशा गाडीला कायद्यात अडॅप्टेड व्हेइकल म्हणतात. महाराष्ट्रात रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते ती साइड व्हीलवाली स्कूटर, गिअर नाही, मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक, त्यामुळे थांबताना पाय टेकवायची गरजच पडत नाही. बदल केलेल्या कार त्या मानाने कमी, पण ज्यांना कमरेखाली हालचालच नाही त्यांना पावसापाण्यात, लांबच्या प्रवासाला आणि व्हीलचेअर सोबत न्यायची असेल तर कारच लागते, म्हणून इथे मुख्यतः कारबद्दलच लिहिलंय.

ऑटोमॅटिक गाडीत पायांना काम असतं ते फक्त दोन पेडल दाबायचं. डावा पाय नसेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गाडीत काहीच बदलावं लागत नाही, ही साधी गोष्ट बऱ्याच घरांत कोणी सांगतच नाही आणि चांगली चालवणारी माणसं उगाच घरी बसून राहतात. उजवा पाय नसेल तर ब्रेकच्या डाव्या बाजूला दुसरं ॲक्सिलरेटर पेडल बसवतात, आणि घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल तेव्हा ते दुमडून किंवा काढून ठेवायचं. कृत्रिम पाय लावून पेडल दाबता येतं खरं, पण पेडल किती दाबलं गेलंय हे त्या पायाला कळत नाही, त्यामुळे उजवीकडे कृत्रिम पाय असेल तर डाव्या पायाचं ॲक्सिलरेटर किंवा हँड कंट्रोल (ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय) बरं पडतं.

दोन्ही पाय कामाचे नसतील तर हँड कंट्रोल. स्टिअरिंगच्या खाली एक दांडा येतो आणि त्याला जोडलेले रॉड थेट ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलपर्यंत जातात. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आणि मागे ओढला, खाली दाबला किंवा मूठ पिळली की ॲक्सिलरेटर, हे किटवर अवलंबून. ब्रेक पुढच्याच दिशेला ठेवतात त्याला कारण आहे, गाडी अचानक हळू झाली की अंग पुढे जातं आणि हात आपोआप पुढे ढकलला जातो, तेव्हा ब्रेक जास्त लागला तर चालेल पण ॲक्सिलरेटर चुकूनही लागता कामा नये. दुसरा हात स्टिअरिंगवर, आणि एकाच हाताने पूर्ण वळण घ्यायचं असल्यामुळे स्टिअरिंगला गोल फिरणारा नॉब लावतात. दांड्यावरचा हात सोडता येत नाही म्हणून हॉर्न, इंडिकेटरची बटणंही जमेल तिथे दांड्यावरच घेतात. पेडलच्या पुढे एक गार्डही बसवून घ्यावा, कारण मणक्याच्या दुखापतीत पाय सुन्न असले तरी मध्येच उडतात किंवा ताठ होतात आणि तसा पाय जाऊन ॲक्सिलरेटरवर पडला तर वरून हाताने सावरणं अवघड जातं.

क्लच ही आपल्याकडची मोठी अडचण होती. ऑटोमॅटिक गाड्या महाग, त्यामुळे लोक मॅन्युअल गाडीलाच हाताचा क्लच लावून घ्यायचे, म्हणजे दोन हातांत स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, क्लच आणि गिअर एवढं सगळं सांभाळायचं, घाटात तर हाल. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं असा) गिअरबॉक्स घेऊन आली आणि तिथून छोट्या स्वस्त गाड्यांमध्ये क्लचशिवाय चालवायची सोय झाली. अपंग ड्रायव्हरसाठी या एका बदलाने जेवढं केलं तेवढं कुठल्याही योजनेने केलं असेल असं वाटत नाही.

ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मधल्या आजारपणात गेले, पण त्यांच्याकडे हाताने चालवायची १९३६ ची फोर्ड होती आणि ते ती स्वतः चालवायचे. आपल्याकडे दीपा मलिक यांचं नाव घ्यावंच लागतं. पाठीच्या कण्यातल्या ट्यूमरच्या ऑपरेशननंतर १९९९ पासून छातीखाली शरीर लुळं, नगरला असताना त्यांनी स्वतःचं रेस्टॉरंट चालवलं, पुढे बदललेल्या गाडीसाठी रॅलीचं लायसन्स मिळवलं आणि २००९ मध्ये रेड द हिमालय या मोटार रॅलीत उतरल्या. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकचं गोळाफेकीतलं रौप्यपदक सगळ्यांना माहितीय, हे रॅलीचं कमी जणांना.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आधी 'इनव्हॅलिड कॅरेज' असा वर्ग होता, आणि त्याच्या व्याख्येत ती गाडी मुळातच अपंगासाठी बनवलेली हवी, नुसती बदललेली चालणार नाही असं लिहिलेलं, म्हणजे शोरूममधून घेतलेल्या साध्या कारला किट लावलं तर ती कागदावर धड कशातच बसायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीत अडॅप्टेड व्हेइकलची व्याख्या आली आणि त्यात बदल करून घेतलेली गाडीही आली. अपंगत्व आहे एवढ्यावरून आरटीओ लायसन्स नाकारू शकत नाही, अशी गाडी चालवायला माणूस फिट आहे अशी खात्री पटली तर कलम ८ प्रमाणे लर्निंग लायसन्स देता येतं. आधीचं साधं लायसन्स खिशात आहे म्हणून तसंच चालवत राहू नये, मेडिकल सर्टिफिकेट घेऊन, आपल्याच गाडीवर टेस्ट देऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. आणि गाडीतला बदल आरसीवर चढवायचाच. ही नोंद असेल तर ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मागता येते, आणि नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. नॅशनल हायवेच्या टोलमध्येही अपंगांसाठी खास बनवलेल्या गाड्यांना माफी आहे.

जीएसटीचं मात्र बदललंय. ४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असलेल्यांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर छोटी गाडी (लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के जीएसटीत मिळायची, बाकीच्यांना २८ टक्के आणि वर सेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला, म्हणजे तो फरक संपला. पण किटचा खर्च आणि ऑटोमॅटिकसाठी जादा मोजावे लागणारे पैसे अजून तसेच आहेत. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम ४१ मध्ये, गाड्यांमध्ये असे बदल करण्यासाठी योजना आणाव्यात असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा सवलत आता किटवर यायला हवी.

गाडी निवडताना सीटची उंची व्हीलचेअरच्या सीटएवढी आहे का आणि दार किती उघडतं हे आधी बघायचं, मायलेज नंतर. वॅगन आरसारख्या उंच गाड्या म्हणूनच सोप्या जातात. दुखापत छातीच्या उंचीवर असेल तर वळणावर धड एका बाजूला कलतं, अशा वेळी छातीला वेगळा पट्टा लागतो. सुन्न भागाला चटका कळत नाही, हीटरची हवा पायावर नको, आणि सीटवर गादी ठेवून मधून मधून हातावर भार देत अंग उचलायचं नाहीतर बेडसोअर होतात. मणक्याच्या वरच्या भागातल्या दुखापतीत घाम नीट येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात एसी ही चैन राहत नाही.

पॅरालिसिसच्या अटॅकनंतर प्रकरण वेगळं असतं. हात किती उचलला जातो यापेक्षा नजर आणि लक्ष जास्त महत्त्वाचं, काही जणांना डाव्या बाजूचं दिसूनही लक्षात येत नाही, काहींची अर्धी नजरच गेलेली असते, आणि हे किटने सुधारत नाही. डॉक्टरांनी नजर, लक्ष, रिॲक्शन तपासून हो म्हटल्याशिवाय किटवर पैसे घालू नयेत.

शिकवणारे कमी आहेत. बऱ्याचदा किट बसवणाराच पहिले धडे देतो आणि पुढे एखाद्या मोकळ्या मैदानात कोणालातरी शेजारी बसवून सराव. पायाने वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसाला दचकल्यावर पायच आठवतो, म्हणून ट्रॅफिकमध्ये जायच्या आधी अचानक ब्रेक मारायची भरपूर प्रॅक्टिस हवी. पार्किंगमध्ये दाराच्या बाजूला व्हीलचेअर मावेल एवढी जागा सोडावी लागते, नाहीतर नंतर शेजारी कोणी चिकटून गाडी लावली की आपल्याच गाडीत बसता येत नाही, त्यामुळे कडेची, ड्रायव्हरची बाजू मोकळी राहील अशी जागा घ्यायची.