कर्दळीच्या वन्य जाती

कर्दळ म्हणजे कॅना प्रजातीतील बहुवर्षायू, कंदयुक्त वनस्पती. कॅनेसी या कुलात ही एकच प्रजाती असून केळ, आले, हळद आणि चवर ज्या गणात येतात त्याच झिंजिबरेलीस गणात तिचा समावेश होतो. तिच्या सर्व वन्य जाती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत; उत्तरेस संयुक्त संस्थानांचा आग्नेय भाग आणि दक्षिणेस उत्तर अर्जेंटिना या त्यांच्या प्रसाराच्या सीमा होत. पुण्यातील उद्यानांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांत रुंद पाकळ्यांची जी कर्दळ दिसते ती संकरित असते. याउलट, जुन्या वाड्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळवाशेजारी वाढणारी किंवा ओढ्याकाठी आपोआप पसरलेली, बारीक तांबड्या फुलांची कर्दळ ही बहुधा कॅना इंडिका ही वन्य जाती असते. तिच्या नावात ‘इंडिका’ असले तरी ती भारतात बाहेरून आलेली आहे.

जमिनीखाली आडवे वाढणारे, पेरेदार, शाखायुक्त मूलक्षोड हे या वनस्पतीचे टिकाऊ अंग आहे. त्यापासून हवेत येणारा दांडा खरा खोड असतो. केळीप्रमाणे केवळ पानांचे आवरक तळ एकावर एक गुंडाळून तो बनलेला नसतो, मात्र तसल्या तळांनी तो वेढलेला असतो. पाने मोठी, लांबट-अंडाकृती, जाड मध्यशिरेची असून मध्यशिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा एकमेकींना समांतर कडेकडे जातात. कॅना इंडिकाची उंची सर्वसाधारणपणे १ ते २ मीटर असते.

या प्रजातीचे खरे वैशिष्ट्य फुलात आहे, आणि ते समजण्यासाठी बागेतील संकरापेक्षा वन्य फूलच हाती घ्यावे. फुलोरा दांड्याच्या टोकाशी येतो. प्रत्येक फुलात तळाशी तीन लहान संदले (बाहेरची हिरवट दले) आणि त्यांच्या आत तीन अरुंद, टोकदार प्रदले (खऱ्या पाकळ्या) असतात. ही प्रदले इतकी सामान्य दिसतात की पाहणाऱ्याचे लक्ष त्यांच्याकडे जातच नाही. रंगीत आणि भडक म्हणून जो भाग ‘पाकळ्या’ समजला जातो तो वस्तुतः पाकळीसारख्या झालेल्या वंध्य केसरदलांचा (पराग न देणाऱ्या पुंकेसरांचा) असतो. त्यांपैकी एक खाली वळलेले असून त्याला ओष्ठ म्हणतात. उरलेल्या एकमेव जननक्षम केसरदलाचाही अर्धा भाग पाकळीसारखा पसरट असतो आणि कडेला परागकोशाचा फक्त एक कप्पा शिल्लक राहतो. त्यामुळे हे फूल कोठूनही उभे कापले तरी त्याचे दोन समान भाग पडत नाहीत. कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात वनस्पतींची मांडणी केसरदलांच्या संख्येवरून केली. एक केसरदल आणि एक किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) असलेल्या वर्गाचा मान पहिला असल्याने ग्रंथाचा आरंभच कर्दळीने झाला; या फुलात प्रत्यक्षात केसरदल अर्धेच आहे, हा भाग वेगळा.

किंजलही चपट्या पट्टीसारखा असतो. फूल उमलण्यापूर्वी, कळीतच परागकोश फुटून पराग या पट्टीवर चिकटतात, आणि मधासाठी येणारा पक्षी किंवा कीटक ते तेथून उचलतो. मूळ प्रदेशात गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) हे काम करतात. पुण्यात कर्दळीच्या फुलांवर शिंजीर येताना दिसतो. पराग आणि कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग) एकाच अंगावर असल्याने स्वपरागणही सहज घडते, आणि परक्या मुलुखात कॅना इंडिकाला बी भरपूर धरते याचे हे एक कारण आहे.

किंजपुट (ज्याचे पुढे फळ होते तो भाग) अधःस्थ, म्हणजे फुलाच्या इतर दलांखाली, आणि तीन कप्प्यांचा असून त्याच्यावर बारीक उंचवटे असतात. ते वाढून काटेरी वाटणारे, पण हाताला मऊ लागणारे बोंड बनते. बिया गोल, काळ्या आणि छऱ्यासारख्या कठीण असतात. त्यांच्या माळा ओवतात आणि त्या खुळखुळ्यांतही भरतात. अर्जेंटिनातील एका पुरातत्त्वीय स्थळी अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेले कर्दळीचे बी रुजले आणि कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय सुमारे ६०० वर्षे ठरले, असे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. टणक बीजावरणातून पाणी आत शिरत नाही, म्हणून पेरण्यापूर्वी बी पॉलिश पेपरवर घासून घ्यावे लागते.

जातींच्या संख्येबाबत एकमत नाही. हिल्ट्ये मास-व्हॅन दे कामर आणि पॉल मास या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २००८ मध्ये केवळ १० जाती मान्य केल्या. जपानी अभ्यासक नोबुयुकी तानाका यांच्या मांडणीत जाती याहून बऱ्याच अधिक आहेत. कॅना ग्लॉका ही पाणथळ जागेतील जाती निळसर छटेच्या अरुंद पानांवरून आणि फिकट पिवळ्या फुलांवरून ओळखू येते. कॅना फ्लॅसिडा आग्नेय संयुक्त संस्थानांतील दलदलीत वाढते; तिची फुलेही पिवळी, पण मोठी आणि नाजूक असून प्रदले मागे वळलेली असतात. अँडीजमधील कॅना इरिडिफ्लोरा मात्र वेगळीच दिसते, कारण तिची लांब नळीची गुलाबी फुले खाली लोंबतात. कॅना टुर्कहाइमी ही मध्य अमेरिकेतील जाती माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत जाते, तर कॅना लिलिफ्लोराची फुले पांढरी असतात.

मतभेदाचा एक मोठा विषय म्हणजे खाद्य कर्दळ. अँडीजमध्ये ‘अचिरा’ या नावाने तिचे मूलक्षोड फार जुन्या काळापासून भाजून खाल्ले जाते, आणि व्हिएतनाममध्ये तिच्या पिठापासून पारदर्शक शेवया करतात. या पिठातील स्टार्चचे कण वनस्पतींमध्ये सर्वांत मोठ्या कणांपैकी आहेत. तिला पूर्वी कॅना एडुलिस म्हणत. २००८ च्या मांडणीत ती कॅना इंडिकातच अंतर्भूत झाली. केवळ कंदाच्या आकारावरून जाती वेगळी धरणे योग्य नव्हे, हे त्यामागील तर्कशास्त्र पटण्याजोगे आहे, कारण निवडीने कंद मोठे करणे हे शेतकऱ्याचे नेहमीचे काम आहे.

बागेतील संकर एकोणिसाव्या शतकात प्रथम फ्रान्समध्ये आणि नंतर इटलीत तयार झाले. त्यांत वंध्य केसरदले रुंद झाली आणि अनेक वाणांनी बी धरणे सोडले. म्हणून त्यांची लागवड कंद फोडूनच करतात. युरोपात हिवाळ्यापूर्वी हे कंद काढून आत ठेवावे लागतात, पुण्याच्या थंडीत ते जमिनीतच राहतात. एखादी कर्दळ वन्य आहे की संकरित हे पाहायचे असल्यास एकट्या फुलापेक्षा पावसाळ्यानंतरचा सबंध फुलोरा पाहणे सोयीचे: बोटभर रुंदीची केसरदले आणि देठोदेठी भरलेली बोंडे असतील तर ती बहुधा कॅना इंडिका असते.