एपी कॅल्क्युलसचा निकाल आधी किती ताडता येतो?

एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची अमेरिकन परीक्षा. त्यातल्या कॅल्क्युलस एबी या विषयाची परीक्षा मे महिन्यात होते, निकाल जुलैत लागतो. हातात पडतो तो 1 ते 5 मधला एकच आकडा. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत 4 मिळाले तरी क्रेडिट (त्या विषयाचे कॉलेजचे श्रेयांक) मिळतं, काही ठिकाणी 5 च लागतात. सराव परीक्षेवरून हा आकडा बऱ्यापैकी ताडता येतो.

2025 मध्ये 45 बहुपर्यायी आणि 6 लेखी प्रश्न होते. लेखी प्रश्नांना प्रत्येकी 9, म्हणजे 54 गुण. दोन्ही भागांना निम्मं-निम्मं महत्त्व असल्याने बहुपर्यायीतल्या बरोबर उत्तरांना 1.2 ने गुणायचं. एकूण होतात 108. समजा 31 उत्तरं बरोबर आली, तर 37.2. लेखीत 27 धरले, तर बेरीज 64.2.

2011 पासून चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तरी सरासरी 0.3 गुण पदरात पडतो. त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान.

अंदाज फसतो तो बहुधा लेखी भागात, कारण मुलं स्वतःला सढळ हाताने गुण देतात. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये व्हेरिएबल्स वेगळी केली नाहीत, तर सोडवणुकीचे सगळे गुण जातात, पुढचं गणित कितीही सुबक असो. इंटिग्रेशननंतर लगेच +सी (स्थिरांक) लिहिला नाही, तर पुढच्या पायऱ्यांचे गुण बुडतात. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत अचूक हवं. कॅल्क्युलेटरवर इंटिग्रल काढलं, पण ते कागदावर मांडलंच नाही, तर नुसत्या उत्तराला सहसा पूर्ण गुण नाहीत. म्हणून कॉलेज बोर्डाची (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) गुणदान पद्धत शेजारी ठेवून, शक्यतो दुसऱ्याकडून पेपर तपासून घ्यावा.

दुसरी अडचण सीमारेषेची, म्हणजे 108 पैकी किती गुणांना कोणता आकडा मिळतो याची. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार ती दरवर्षी थोडी सरकते. प्रसिद्ध झालेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांत 5 ची रेषा साधारण 65 ते 70 च्या आसपास दिसते. म्हणजे 64.2 वाल्याला 5 कदाचित मिळतील, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

आमच्या मते लेखीची बेरीज दोनदा करावी: एकदा कडक, एकदा सैल हाताने. वरच्या उदाहरणात कडक हाताने 23 आले तर एकूण 60.2, सैल हाताने 29 आले तर 66.2. हा पट्टा सीमारेषेवरच पडत असेल, तर उरलेले आठवडे लेखी उत्तरांच्या मांडणीवर घालवावेत.