शून्य पराभवांचं गणित

चवथीला डिचोलीच्या घरी सगळे जमलो की आरत्या आणि जेवणं आटपल्यावर सोप्यावर वाद रंगतात. यंदाचा वाद बॉक्सिंगवरचा होता. माझे मामा उमेदीची वर्षं जहाजावर होते. परदेशी मासिकांची जुनी कात्रणं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. त्यातलं एक त्यांनी माझ्या भाच्यापुढे धरलं. पिवळा पडलेला कागद, घडीवर विरलेला, आणि वर ठळक आकडा: 49–0. रॉकी मार्सियानो. 1952 ते 1956 हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचा, जगज्जेता. 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट.

"एकदाही हरला नाही. आणखी काय पुरावा हवा?" मामा म्हणाले.

"पण आजोबा, हल्लीच्या हेवीवेट टायसन फ्युरीसमोर उभा केला तर त्याच्या हनुवटीलासुद्धा पोचणार नाही तो," भाचा म्हणाला.

दोघांचीही माहिती खरी आहे. त्या माहितीतून काय सिद्ध होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आधी मामांचा आकडा घेऊ. समजा, एखादा बॉक्सर इतका तयारीचा आहे की समोर कोणीही आला तरी हरण्याची शक्यता शंभरात फक्त सहा. तो सलग 49 लढती जिंकण्याची शक्यता किती? 49 वेळा 0.94 घेऊन त्यांचा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे 0.05. म्हणजे असे वीस बॉक्सर असतील, तर त्यातल्या एखाद्याच्या नावापुढे 49–0 लागेल. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा हिशेब वापरतात: एखादी गोष्ट अनेक प्रयत्नांत एकदाही घडली नसेल, तर तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागायचं. येणारं उत्तर ही त्या गोष्टीच्या शक्यतेची साधारण वरची मर्यादा. तीन भागिले 49, म्हणजे सहा टक्के. पराभव शून्य असले तरी हरण्याची शक्यता शून्य होती असं म्हणता येत नाही.

आता मोहम्मद अलीचा आकडा शेजारी ठेवा: 56 विजय, 5 पराभव. पण हे पाच पराभव कधीचे, ते बघायला हवं. जो फ्रेझरकडून 1971 मध्ये, केन नॉर्टनकडून 1973 मध्ये. उरलेले तीन 1978, 1980 आणि 1981 मधले, म्हणजे वयाच्या 36 नंतरचे. मार्सियानोने 32 व्या वर्षी हातमोजे उतरवले. अली 1978 च्या आधी थांबला असता तर 55–2 राहिला असता. आणि 1967 पासूनची साडेतीन वर्षं, ऐन भरातली, लष्करभरतीला नकार दिल्यामुळे त्याला रिंगमध्ये उतरूच दिलं नव्हतं. कधी थांबावं हे मार्सियानोला कळलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्या शून्यात ठोशाइतकाच या निर्णयाचाही वाटा आहे.

भाच्याचा मुद्दा शरीराचा. मार्सियानो सुमारे 178 सेंटिमीटर उंच, वजन 85 किलोंच्या आसपास. फ्युरी 206 सेंटिमीटर, आणि मे 2024 च्या लढतीला 119 किलो. फरक 34 किलोंचा. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोंचा असतो, तो एकदा दोन्ही हातांनी उचलून बघा म्हणजे हा फरक अंगाला कळेल. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही. 1980 च्या सुमारास त्याच्याखाली क्रूझरवेट हा वेगळा गट निघाला. मार्सियानो आज लढता तर त्या गटात बसला असता.

वजनाचा ठोशाशी संबंध काय, हे 1985 मध्ये ब्रिटनमध्ये मोजून पाहिलं होतं. फ्रँक ब्रुनो या हेवीवेटला संशोधकांनी टांगलेल्या, उपकरणं बसवलेल्या लक्ष्यावर ठोसा मारायला लावला. हाताचा वेग सेकंदाला 8.9 मीटर. बसलेला जोर सुमारे 4,100 न्यूटन, म्हणजे 400 किलोंहून जास्त भार क्षणभर टेकावा तितका. हातमोज्याचा स्पर्श झाल्यापासून तो जोर शिखराला पोचायला फक्त 14 मिलिसेकंद लागले. एवढं बळ एकट्या हातात नसतं. ते टाचेपासून निघतं, कमरेतून वळतं, खांद्यातून पुढे सरकतं. मागे जितकं वस्तुमान योग्य क्षणी आणता येईल, तितका ठोसा जड. वजनदार माणसाकडे ते जास्त असतं, पण योग्य क्षणी आणणं ही वेगळी विद्या आहे. 1919 मध्ये 85 किलोंच्या जॅक डेम्प्सीने 111 किलोंच्या जेस विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. आणि 119 किलोंच्या त्याच फ्युरीला मे 2024 मध्ये हरवलं ओलेक्झांडर उसिकने, जो आधी क्रूझरवेटमध्ये लढायचा.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती तीन नावांची साखळी. 1971 मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं. 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा लोळवलं. मग फोरमन अलीला सहज खाईल असं वाटणारे पुष्कळ होते. 1974 मध्ये किन्शासात अलीने दोरांना टेकून त्याचे ठोसे झेलले, त्याला दमवलं आणि आठव्या राउंडमध्ये खाली पाडलं. साखळी फिरून जागेवर आली. अर्पाड एलो या भौतिकशास्त्रज्ञाची बुद्धिबळासाठीची गुणपद्धत इथेच अडखळते. तिच्यात प्रत्येकाला एक आकडा मिळतो आणि 200 गुणांनी वरचढ असलेल्याकडून चारपैकी सुमारे तीन गुणांची अपेक्षा धरतात. पण अ हा ब पेक्षा, ब हा क पेक्षा आणि क परत अ पेक्षा भारी असेल, तर एकेका आकड्यात ते मांडणार कसं? शिवाय हे आकडे बनतात समकालीनांशी लढून. दोन काळांतले बॉक्सर एकमेकांसमोर आलेच नाहीत, तर त्यांच्या फुटपट्ट्या जुळवायच्या कशावर?

संगणकाने प्रयत्न करून पाहिला आहे. 1969 मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो कॅमेऱ्यासमोर खोटं खोटं लढले आणि निकाल संगणकावर सोपवल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत दाखवलेल्या शेवटात मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकतो. युरोपातल्या प्रेक्षकांना अली जिंकताना दिसला.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: आपल्या काळातल्या लोकांपेक्षा कोण किती वर्षं आणि किती पुढे राहिला? तिच्यावर मी जो लुईसचं नाव घेतो. 1937 ते 1949, जवळजवळ बारा वर्षं जगज्जेता, 25 वेळा किताब राखला. हा विक्रम हेवीवेटमध्ये अजून कोणी मोडलेला नाही. निवृत्तीनंतर कराच्या थकबाकीपायी त्याला पुन्हा रिंगमध्ये यावं लागलं.

मामांना मी कात्रणाच्या मागच्या बाजूची यादी वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. 38 व्या ओळीवर ते थांबलं. ऑक्टोबर 1951, न्यूयॉर्क, आठवा राउंड, नॉकआउट. समोर जो लुईस, वय 37.

"हा तोच का रे?" मामांनी विचारलं.

"तोच," मी म्हणालो.