रोममधली रथशर्यत सुटायची कशी?

जगातल्या श्रीमंत खेळाडूंची यादी जाहीर झाली की एक जुनी बातमी पुन्हा फिरू लागते. आजचे फुटबॉलपटू विसरा, इतिहासातला सर्वांत श्रीमंत खेळाडू म्हणजे रोमन सारथी गायस अपुलेयस डायोक्लीस, कमाई १५ अब्ज डॉलर! डायोक्लीस खरोखर होऊन गेला. त्याच्या बक्षिसांचा मूळ आकडाही शिलालेखात कोरलेला आहे: ३,५८,६३,१२० सेस्टर्स (रोमन नाणी). डॉलर मात्र नंतर चिकटले. ही रक्कम रोमन सैन्याच्या पगाराच्या किती हिस्सा होते ते पाहायचे आणि आजच्या अमेरिकी सैन्याच्या खर्चाचा तेवढाच हिस्सा काढायचा, अशा रीतीने ते १५ अब्ज आले. दोन वेगळ्या अर्थव्यवस्था अशा एकाच काट्यावर तोलता येत नाहीत. त्यापेक्षा साधा हिशेब करू. त्या काळी रोमन पायदळातल्या सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे डायोक्लीसची २४ वर्षांतली बक्षिसे सुमारे २९,९०० सैनिकांच्या वर्षभराच्या पगाराइतकी होती. ही रक्कम अफाटच आहे, तिला डॉलरचा मुलामा कशाला हवा? शिवाय घोडे, तबेले आणि नोकरचाकर संघमालकांचे असत, सारथ्याचे नव्हे.

त्याच शिलालेखातला दुसरा एक आकडा मात्र कोणी पुढे पाठवत नाही, आणि विज्ञानाच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. डायोक्लीस ४,२५७ शर्यती धावला आणि १,४६२ जिंकला. या विजयांची प्रकारवार नोंद अशी आहे: सुरुवातीलाच आघाडी घेऊन ८१५, शेवटच्या टप्प्यात प्रतिस्पर्ध्याच्या हातून हिसकावून ५०२, मागून येऊन ६७, आणि उरलेले ७८ इतर प्रकारांनी. बेरीज बरोबर १,४६२ येते. पहिल्या काही सेकंदांत पुढे निघालेला रथ शेवटपर्यंत पुढेच राहिला, असे निम्म्याहून जास्त वेळा, जवळपास ५६ टक्के विजयांत घडले.

सुरुवातीला इतके महत्त्व असेल, तर शर्यत सुटण्याच्या क्षणी कोणालाही फुकटचा फायदा मिळता कामा नये. प्रेक्षक पैजा लावून बसलेले, लाल, पांढरा, निळा आणि हिरवा या चार संघांचे पाठीराखे एकमेकांच्या उरावर बसायला तयार. अशा ठिकाणी बारा रथ, म्हणजे अठ्ठेचाळीस घोडे, एकाच क्षणी आणि सारख्याच अंतरावरून सोडायचे कसे? माझ्या मते रोमन करमणुकीच्या साऱ्या पसाऱ्यात या प्रश्नाचे उत्तर सर्वांत देखणे आहे. कोलोसियमच्या भिंतींकडे सगळे पाहतात, शर्यत सुटण्याच्या दरवाजांकडे फार थोडे.

सर्कस मॅक्सिमस हे रोममधले मैदान (रथशर्यतीच्या मैदानालाच रोमन लोक सर्कस म्हणत) पॅलटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत होते. लांबी सुमारे ६०० मीटर, धावपट्टीची रुंदी ८० मीटरच्या आसपास. मधोमध लांबट कठडा, त्याच्या दोन्ही टोकांना वळणाचे शंकूच्या आकाराचे खांब. रथ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सात फेऱ्या मारत, त्यामुळे प्रत्येक वळण डावीकडे. एका टोकाला बारा कप्पे होते, म्हणजे शर्यत सुटेपर्यंत रथ उभे करायचे दरवाजे असलेले खण. तिथे पहिल्यांदा कप्पे उभारले गेले ते इसवी सनपूर्व ३२९ मध्ये. पुढे सम्राट क्लॉडियसने ते संगमरवरी केले.

आता भूमिती पाहू. फिरण्याची दिशा उलटी, म्हणजे कप्प्यांतून निघाल्यावर सगळ्यांना कठड्याच्या उजव्या बाजूच्या पट्ट्यात शिरायचे आहे. समजा, बारा कप्पे एका सरळ रेषेत, कठड्याला काटकोनात बांधले. पट्ट्याच्या तोंडाशी असलेला लक्ष्यबिंदू समोरच्या कप्प्यापासून १३५ मीटरवर आहे आणि डावीकडचा टोकाचा कप्पा त्या कप्प्यापासून ५० मीटर बाजूला आहे असे धरा. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत लावला की डावीकडच्या रथाचे अंतर येते १४४ मीटर. नऊ मीटरचा फरक! घोड्यांसकट रथाची लांबी चार-पाच मीटर धरली, तर सुटतानाच एक सारथी दोन रथ मागे पडला.

रोमन स्थापत्यकारांनी यावर उपाय काढला तो वर्तुळाचा. वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारख्या अंतरावर असतो. म्हणून लक्ष्यबिंदू केंद्र मानायचा, त्याभोवती कंस काढायचा आणि कप्पे त्या कंसावर बांधायचे. केंद्र मैदानाच्या मध्यरेषेवर नसून उजवीकडे आहे, त्यामुळे हा कंस तिरका बसतो. आपल्या उदाहरणात डावे टोक जवळजवळ १० मीटर पुढे सरकते. कप्प्यांची तोंडेही त्या बिंदूकडे वळवावी लागतात, नाहीतर घोड्यांना सुटल्या सुटल्या मान वळवावी लागेल आणि अंतर सारखे करून मिळवलेले सगळे तिथेच जाईल. ४०० मीटरच्या शर्यतीत धावपटू मागेपुढे उभे असतात, त्यामागचा विचार हाच. फक्त तिथे वळणाची भरपाई करायची असते, इथे तिरक्या वाटेची.

अंतर सारखे झाले, पण वेळेचे काय? बारा दरवाजे बारा माणसांनी उघडायचे म्हटले तर कोणाचा ना कोणाचा हात मागेपुढे होणारच. बरे, एकच लांब दोर ओढून सगळे दरवाजे उघडायचे म्हटले, तर दोर ताणला जातो. ओढणाऱ्याजवळचा दरवाजा आधी हलतो, टोकाचा उशिरा. दरवाजे जितके जड, तितका दोरावरचा ताण जास्त आणि तितकाच हा फरक मोठा.

लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना इथल्या सर्कशीत कप्प्यांचे दगडी खांब बऱ्यापैकी टिकले आहेत. त्यांतल्या खाचा आणि भोकांवरून अभ्यासकांनी ही यंत्रणा जुळवली. तिच्यामागचे तत्त्व असे, की दरवाजा उघडण्याची ताकद प्रत्येक दरवाजापाशीच आधी साठवून ठेवायची आणि दोराकडे फक्त इशाऱ्याचे काम द्यायचे. खांबात दोऱ्यांची किंवा जनावरांच्या स्नायुतंतूंची जाड जुडी घट्ट पीळ देऊन बसवायची, दगडफेकी यंत्रांत रोमन सैन्य वापरत असे तशीच. पिळाच्या मधोमध लाकडी दांडा खुपसायचा. दांड्याचे दुसरे टोक दरवाजाच्या फळीला बाहेर ढकलत राहते. दरवाजा दाबून बंद करायचा आणि खिट्टी लावायची. पीळ सुटायला धडपडतोय, खिट्टीने त्याला अडवून धरलेय. दोराने एवढी खिट्टी निसटवली की पीळ फळी भिरकावून देतो. खिट्टी हलवायला लागणारे बल थोडे, म्हणून दोराचा ताण थोडा, म्हणून पहिल्या आणि बाराव्या दरवाजातला वेळेचा फरक नगण्य.

दरवाजा दोन फळ्यांचा करण्यालाही अर्थ आहे. चार घोडे शेजारी शेजारी मावायला तीन मीटरच्या आसपास रुंदी लागते. तेवढी एकच फळी बिजागरीभोवती फिरवायची तर तिचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरायला होणारा विरोध, वस्तुमान गुणिले रुंदीचा वर्ग या प्रमाणात असते. फळी मधोमध कापली की प्रत्येक अर्ध्याचे वस्तुमान निम्मे आणि रुंदीचा वर्ग पाव, म्हणजे विरोध एक अष्टमांश. दोन अर्ध्यांचा मिळून एक चतुर्थांश. तेवढ्याच पिळात दरवाजा कितीतरी झपाट्याने उघडतो. शिल्पांत हे दरवाजे जाळीदार दिसतात. जाळीने वजन आणखी कमी होते आणि घोड्यांना समोरचे मैदानही दिसत राहते.

बिघाड होण्याच्या जागाही याच. स्नायुतंतूंची जुडी दमट हवेत सैल पडते, म्हणून ती तपासून पुन्हा पिळावी लागते. बाराही जुड्यांचा पीळ सारखा हवा, नाहीतर खिट्ट्या एकदम सुटूनही एखादी फळी रेंगाळते. आणि फळी खांबावर आपटून परत आली तर थेट घोड्यांच्या छातीवर. उघडून झाल्यावरही पिळात थोडा ताण शिल्लक राहिला तर फळी खांबाशी दाबलेली राहते.

सहाव्या शतकातला अधिकारी कॅसिओडोरस याने एका पत्रात लिहून ठेवले आहे, की कप्प्यांमधल्या छोट्या पुतळेवजा खांबांवरून दोर सुटतात आणि दरवाजे एकाएकी, एकसारखे उघडतात. कप्प्यांपासून थोड्या अंतरावर मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत आखलेल्या पांढऱ्या रेषेचाही तो उल्लेख करतो. खरी चुरस या रेषेपासून सुरू होई. तोवर रथांनी आपापल्या पट्ट्यात राहायचे, नाहीतर सगळे एकाच बिंदूकडे धाव घेऊन तिथेच एकमेकांवर आदळतील. खेळ भरवणारा अधिकारी पांढरे कापड खाली टाकी, तो सुटण्याचा इशारा. कोणत्या रथाने कुठल्या कप्प्यातून निघायचे याचा निर्णय सोडतीने होई. एवढे करूनही सुरुवात बिघडलीच, तर प्रेक्षक अंगावरची वस्त्रे हवेत फडकावून शर्यत परत बोलावण्याची मागणी करत.

कॅसिओडोरस पुढे बारा दरवाजांचा संबंध बारा राशींशी, सात फेऱ्यांचा आठवड्याच्या वारांशी आणि दिवसातल्या चोवीस शर्यतींचा तासांशी जोडतो. ग्रहताऱ्यांची गरज नाही. चार संघ, प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन रथ, म्हणून बारा कप्पे पुरतात. राशींपेक्षा जास्त खप मात्र शापांचा होता. शिशाच्या पातळ पत्र्यावर प्रतिस्पर्धी सारथ्यांची आणि घोड्यांची नावे कोरायची आणि पत्रा गुंडाळून कबरीत पुरायचा. ट्युनिशियातल्या हाड्रुमेटम इथे सापडलेल्या एका पत्र्यात हिरव्या आणि पांढऱ्या संघांच्या घोड्यांना छळून मारण्याची आणि क्लारस, फेलिक्स, प्रिम्युलस, रोमानस या सारथ्यांना चिरडण्याची विनंती भुताला केली आहे. असे शाप शतकानुशतके टिकले, कारण ते ‘फळत’. चार रथांच्या शर्यतीत सगळे तुल्यबळ असतील तर एखादा ठरावीक सारथी हरण्याची शक्यता ७५ टक्के, बारांच्या शर्यतीत ९२ टक्के. पत्रा पुरला काय आणि न पुरला काय, उत्तर तेच. गंडेदोरे विकणाऱ्यांचे गणित आजही याच शक्यतेवर चालते. हाच नियम डायोक्लीसलाही लावावा. त्याचे १,०६४ विजय प्रत्येक संघाचा एकच रथ असलेल्या, म्हणजे चार रथांच्या शर्यतींतले आहेत. तिथे नुसत्या योगायोगानेही २५ टक्के विजय मिळतात. त्याचे एकूण प्रमाण आहे ३४ टक्के. अजिंक्य नव्हे, पण २४ वर्षे योगायोगाच्या सातत्याने वर राहणे हे विलक्षण कौशल्य आहे.

पांढऱ्या रेषेनंतर समानता संपे. वळणावर आतल्या रथापेक्षा एक मीटर बाहेरून जाणाऱ्याला प्रत्येक फेरीत २π, म्हणजे ६.२८ मीटर जास्त धावावे लागते, मैदान कितीही लांब असो. सात फेऱ्यांत ४४ मीटर. म्हणून पहिल्या सेकंदांत पुढे निघून आतली वाट बळकावणारा जिंके. पण आतल्या वाटेची किंमतही होती. शर्यतीचा रथ चित्रपटांत दिसतो तसा धातूने मढवलेला अवजड नसून आपल्याकडच्या शर्यतीच्या छकड्यासारखा हलका असे, आणि त्यात सारथी उभा. एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आणि चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या हे गुणोत्तर गुरुत्व त्वरणाच्या पाऊणपटीहून मोठे झाले की आतले चाक उचलले जाते. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा येते ताशी ३१ किलोमीटरला, वीस मीटरला ताशी ४४. सारथी लगाम कमरेला गुंडाळत, म्हणजे अंगाचे सारे वजन टाकून घोडे वळवता येत. रथ उलटला तर फरफटत जाऊ नये म्हणून लगाम कापायला कमरेला वाकडी सुरी असे. चार घोड्यांपैकी मधल्या दोघांवर जू, बाहेरचे दोघे नुसत्या दोरांनी जोडलेले. वळणाच्या खांबाला लागून सगळ्यांत लहान वर्तुळात वळणारा डावीकडचा घोडा सर्वांत शांत डोक्याचा हवा, आणि विजयी शर्यतींच्या नोंदींत नाव येई ते बहुधा त्याचेच.

सर्कस मॅक्सिमसच्या जागी आज मोकळे, गवताळ मैदान आहे. ही भूमिती जमिनीवर पाहायची असेल तर रोमबाहेर आप्पिया रस्त्यालगत चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली सम्राट मॅक्सेन्टियसची सर्कस गाठावी. तिच्या कठड्यावरचा ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ, आता शहरात, पियात्सा नवोना या चौकातल्या कारंज्यावर आहे. पण कप्प्यांच्या दोन्ही बाजूंचे मनोरे अजून उभे आहेत. कप्प्यांची तिरकी, वक्र ओळ ओळखू येते आणि मधला कठडाही मैदानाच्या अक्षाला किंचित तिरका असल्याचे दिसते. सगळे रथ ज्या बाजूने आत शिरत, तिथला पट्टा सुरुवातीला रुंद ठेवण्यासाठी केलेली ती तजवीज.