चुडत तारेवर पडलं आणि ४० मिनिटांची रेस गेली

जुलैतला रविवार, फोंड्याला बहिणीकडे गेलो होतो, बाहेर पाऊस नुसता ओततोय आणि भाचा आतल्या खोलीत गाड्यांच्या रेसचा गेम खेळत त्याचं रेकॉर्डिंग करत बसलेला. परसातल्या माडाचं एक चुडत सुटलं ते थेट तारेवर, आणि लाइट गेली. तासाभराने आली तेव्हा याने आधी फाइल बघितली. फाइल जागेवर, साइज १५ जीबी, पण प्लेयर उघडायलाच तयार नाही.

"मामा, १५ जीबी दिसतंय, मग आत पाणी भरलं काय?"

मी जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ एडिट करतो त्यामुळे घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. तर झालं असं की तो एमपी४ या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये रेकॉर्ड करत होता. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, आवाज कुठे आहे, ही सगळी यादी रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. थांबवायच्या आधीच लाइट गेली, यादी लिहायचीच राहिली, मग आतमध्ये ४० मिनिटांचा माल आहे पण प्लेयरला त्याचा पत्ता लागत नाही. एमकेव्ही हा फाइलचा दुसरा प्रकार, त्यात मजकूर तुकड्यातुकड्याने आपली माहिती सोबत घेऊन लिहिला जातो, त्यामुळे मधेच तुटलं तरी फार तर शेवटचे काही सेकंद जातात. ओबीएस म्हणजे तो ज्यात रेकॉर्ड करतो तो प्रोग्राम, त्यात रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवायचा आणि नंतर त्यातच रिमक्स म्हणून सोय आहे त्याने एमपी४ करायचं, पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे चित्र परत दाबून लिहिलं जात नाही, फक्त डबा बदलतो, क्वालिटी जशीच्या तशी. नवीन व्हर्जनमध्ये हायब्रिड एमपी४ पण आलाय, तो पण असा मधे तुटला तरी चालतो. गोव्यात जून ते सप्टेंबर यापेक्षा महत्त्वाचं सेटिंग दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मग त्याचा पुढचा प्रश्न आला की ४० मिनिटांना १५ जीबी म्हणजे जास्त की कमी. तेव्हा कागद घेऊन बसलो. स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, म्हणजेच पिक्सेल. प्रत्येक ठिपक्याला लाल हिरवा निळा मिळून ३ बाइट. एका फ्रेमचे साधारण ६.२ एमबी, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३७३ एमबी. मिनिटाला २२ जीबी, तासाला १३०० जीबीच्या वर. हे काही न दाबता लिहायचं म्हटलं तर जुनी फिरती हार्डडिस्क पहिल्या सेकंदालाच हात टेकेल. त्याच्या रेकॉर्डिंगचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती लिहायचं तो आकडा, होता ५० मेगाबिट (बिट हं, बाइट नव्हे, ८ने भागायचं, इथे निम्मी दुनिया फसते), म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. जवळजवळ ६० पट कमी. प्रश्न खरा असा आहे की एवढं कमी होऊन चित्र दिसतं कसं.

चतुर्थीची माटोळी आठवा, गणपतीच्या वर फळं टांगून बांधतात ती. एकदा बांधली की हलत नाही, त्या सुपाऱ्या, नारळ, तवशी सगळं जागच्या जागी. गणपतीसमोर आरतीचा व्हिडिओ काढला तर हलतात काय, समईच्या ज्योती आणि आरती म्हणणारे लोक. मग माटोळी प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लिहिणारा, एक फ्रेम पूर्ण लिहितो, तिला आय फ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते लिहितो. बदललेलं पण तसंच्या तसं नाही लिहीत, हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये होता तोच आहे, फक्त १२ पिक्सेल डावीकडे सरकलाय, एवढंच नोंदवतो. गाडी पळते तेव्हा रस्त्याकडेची झाडं, पाट्या अशाच सरकवून भागतं.

आता हेच शिगम्याच्या मिरवणुकीत करून बघा, गुलाल उधळलाय, हवेत लाखो कण आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या फ्रेममधलं काहीच उपयोगी पडत नाही. गेममध्ये पाऊस, गवत, धूर, स्फोट हे सगळं गुलालच. भाच्याच्या गेममध्ये रेस मध्यावर आली की पाऊस सुरू व्हायचा आणि तिथेच चित्राचे चौकोन चौकोन दिसायला लागायचे, त्याला वाटत होतं ग्राफिक कार्ड गेलं.

ते चौकोन येतात कुठून तेही सांगतो. सरकवूनही जो फरक उरतो तो छोट्या चौकोनी तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा लाटांच्या बेरजेत मांडतात, काही लाटा रुंद म्हणजे मोठे उजेड अंधाराचे भाग, काही बारीक म्हणजे पानांच्या कडा, वाळूचे कण. डोळ्याला बारीक लाटा जरा चुकलेल्या कळत नाहीत, मग त्या आधी फेकायच्या. जागा फारच कमी असेल तर रुंद पण कापाव्या लागतात आणि मग नुसते तुकडे उरतात. ही लाटांची युक्ती, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, सुचली नासिर अहमद यांना, जन्म बंगलोरचा, शिकवायला अमेरिकेत कॅन्ससला. १९७२ साली त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे यावर काम करायला पैसे मागितले, मिळाले नाहीत, एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. १९७४मध्ये नटराजन आणि राव यांच्याबरोबर पेपर आला. २००३ साली आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीमध्ये याच युक्तीचं पूर्णांकांतलं रूप आहे आणि तुमच्या फोनमधले बहुतेक जेपीजी फोटो पण याच्याच जिवावर आहेत.

आता मुद्द्याचं. खेळताना एन्कोडरकडे एका फ्रेमला वेळ किती, १ सेकंद भागिले ६०, म्हणजे साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्यात कुठला चौकोन कुठून सरकवला तर कमीत कमी लिहावं लागेल हे शोधायचं. घाईत तो पहिलं बरं सापडलं ते घेतो आणि जागा जास्त खातो. म्हणून माझं म्हणणं असं की खेळताना फाइल छोटी करायच्या मागे लागूच नये. रेकॉर्डिंग भरपूर जाडं करायचं, आणि बारीक करायचं काम रात्री, गेम बंद असताना, कॉम्प्युटरला निवांत वेळ देऊन. बरेच जण दोन्ही एकदम करायला जातात आणि गेम पण अडखळतो आणि चित्र पण घाण.

खेळतानाचं काम ग्राफिक कार्डावरच्या वेगळ्या एन्कोडरला द्यायचं. इंटेलचं क्विक सिंक २०११पासून आहे, एनव्हिडियाचं एनव्हेंक २०१२पासून, ती चिपमधली स्वतंत्र जागा असते त्यामुळे गेमला फारसा फरक पडत नाही. बिटरेट ठरावीक ठेवायचा नाही, म्हणजे सीबीआर नको, ते लाइव्ह स्ट्रीमसाठी ठीक कारण तिथे नेटची लाइन ठरलेली असते. रेकॉर्डिंगला सीबीआर लावला तर मेनू उघडा असताना जागा फुकट जाते आणि पावसात कमी पडते. सीक्यूपी घ्यायचं, त्यात क्वालिटी ठरलेली आणि बिटरेट लागेल तसा, आकडा १६ ते २०, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आणि गेमचा फ्रेम रेट ६०वर बांधून टाकायचा. भाच्याचा मोकळा सोडलेला होता, कार्ड १०० टक्के गेममध्येच गुंतलेलं, ओबीएसला फ्रेम जुळवायला पण वेळ मिळेना, त्याच्या स्टॅट्सच्या खिडकीत रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेमचा आकडा वाढतच होता. बांधल्यावर तो आकडा हलायचा थांबला.

रात्रीच्या कामाला हँडब्रेक नावाचा प्रोग्राम, फुकट आहे. त्यात एक्स२६४ (एच.२६४चा एन्कोडर), प्रीसेट स्लो, सीआरएफ १८, हा पण सीक्यूपीसारखा क्वालिटीचा आकडा. एक्स२६४चा स्वतःचा डिफॉल्ट २३ असतो, आणि दर ६ आकड्यांमागे साइज साधारण दुप्पट किंवा निम्मी होते असा हिशेब धरायचा. एच.२६४नंतरच्या पद्धती, २०१३चा एचईव्हीसी किंवा २०१८चा एव्ही१, त्याच क्वालिटीला आणखी लहान फाइल देतात पण जुन्या मशीनवर वेळ खातात, एव्ही१ तर जुन्या लॅपटॉपवर नीट चालत पण नाही.

एक गोष्ट मात्र मला त्यानेच दाखवली. पॉज करून झूम केलं तर काळ्यावर लाल आकड्यांच्या, तो वेगाचा काटा असतो ना, त्याच्या कडा फिसकटलेल्या. हे बिटरेटचं पाप नाही. डोळा उजेडाला तिखट आणि रंगाला मंद, म्हणून ४:२:० पद्धतीत दर चार ठिपक्यांमागे रंग एकदाच लिहितात. माणसाच्या चेहऱ्यावर कळत नाही, बारीक लाल अक्षरांवर लगेच कळतं. उपाय असा की रेकॉर्डिंगच ४:४:४मध्ये, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून, करायचं, कार्डाला जमत असेल तर, आणि यूट्यूबवर टाकायच्या आधी १०८०चं चित्र रुंदी आणि उंची दोन्हीकडे दुप्पट करून ४के करायचं. ४केमध्ये रंगाची जाळी बरोबर १९२० बाय १०८०ची होते, म्हणजे मूळच्या प्रत्येक ठिपक्याला आपला रंग परत. शिवाय यूट्यूब तुमचा व्हिडिओ परत दाबतोच, आणि ४केला बिटरेट जास्त देतो.

गणपतीच्या आधी त्याने सगळं लावून परत रेकॉर्ड केलं, पावसातली रेस स्वच्छ आली, लाल आकडे पण. फक्त पंचविसाव्या मिनिटाला माइकमध्ये आजीचा आवाज, "जेवण थंड होतंय रे, किती हाका मारायच्या". ओबीएसमध्ये सहा वेगवेगळे ऑडिओ ट्रॅक ठेवता येतात, गेमचा एकावर आणि माइकचा दुसऱ्यावर, मग नको ते नंतर काढता येतं. हे मी सांगायचं विसरलो होतो, त्यामुळे त्या व्हिडिओत आजी आहे.