पार्टिशन डिलीट होत नाही? जबरदस्ती करण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक – रामबाग, इंदूर

जुना कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "डी ड्राइव्ह उडवायचाय, पण उडतच नाही." कुणाला मुलांसाठी विंडोज नव्याने टाकायचं असतं, कुणाचा सी ड्राइव्ह भरून लाल झालेला असतो, कुणाला मशीन विकायचं असतं. डिलीटचा पर्याय फिकट दिसतो, फॉर्मॅट सुरू होऊन मध्येच अडकतो, किंवा विंडोज सरळ नाही म्हणतं. मग घरातलं कुणीतरी इंटरनेटवरून एखादी कमांड शोधून काढतं, आणि एक पार्टिशन, म्हणजे सी, डी सारखा डिस्कचा एक भाग, काढताना अख्खी डिस्क कोरी होते.

आमचं सांगणं एवढंच आहे की पार्टिशन विनाकारण अडत नाही. एक तर विंडोज ते वापरत असतं, किंवा मशीन सुरू व्हायला त्याची गरज असते, किंवा ते दुसऱ्याच पद्धतीने बनवलेलं असतं, नाहीतर डिस्क आजारी असते. कारण सापडलं की पुढचं काम बहुतेक वेळा थोडक्यात आटोपतं. म्हणून "फॉर्मॅट मारून द्या" असं कुणी म्हटलं तरी आम्ही आधी चार प्रश्न विचारतो. वेळ काढायचा म्हणून नाही, तुमचा डेटा वाचावा म्हणून.

आधी डेटा

"माझं सगळं डी मध्येच आहे हो" हे वाक्य आम्ही जपून ऐकतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल आणि 'माय डॉक्युमेंट्स' हे सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. मोबाइलवरून उतरवलेले फोटोही बहुधा तिथेच जातात. जुन्या टॅलीचं डेटा फोल्डर प्रोग्रामच्याच फोल्डरात, म्हणजे पुष्कळदा सी मध्ये असतं. टॅली ईआरपी ९ असेल तर फॉर्मॅटआधी लायसन्स सरेंडर करून घ्या, नाहीतर नंतर ते पुन्हा चालू करताना खोळंबा होतो. आउटलुकवर ईमेल वापरणाऱ्यांची जुनी पत्रं बहुधा एका पीएसटी फाइलमध्ये असतात. ती फाइल सहजी डोळ्यांसमोर येत नाही, शोधून काढावी लागते.

मराठी-हिंदीत टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कृतिदेव, श्री-लिपी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर त्या फाँटाशिवाय वाचताच येत नाही. एका गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, देणगीदारांची यादी, निमंत्रणपत्रिकेचे जुने नमुने असं सगळं व्यवस्थित कॉपी झालं होतं. फाँट तेवढे राहिले. नव्या मशीनवर फाइल उघडली तर 'सत्यनारायण' असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा ढीग. मजकूर गेलेला नव्हता, पण फाँट परत मिळेपर्यंत मंडळाच्या चिटणीसकाकांचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरातले असे सगळे फाँट आधी कॉपी करून ठेवा.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावा आणि निरनिराळ्या फोल्डरांतल्या दोन-चार फाइल उघडून पाहा. आजारी डिस्कवरून कॉपी केलेल्या फाइलचं नाव येतं, आत काहीच नसतं, असं होऊ शकतं.

डिस्क नीट बघा

'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मग 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट'. विंडोज एक्सपी असो की विंडोज सात, वाट हीच; सातमध्ये नाव नुसतं 'कॉम्प्युटर' असतं. खाली प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते आणि तिच्यावर पार्टिशनांचे चौकोन असतात. डिस्कची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे 'डिस्क १' ही दुसरी डिस्क. १६० जीबीची डिस्क तिथे १४९ जीबी आणि ५०० ची ४६५ दिसते. कुणी जागा चोरलेली नाही, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

आता त्या चौकोनात लिहिलेले बारीक शब्द वाचा. 'सिस्टिम', 'बूट', 'पेज फाइल', 'ॲक्टिव्ह' यांतला एखादा शब्द तुमच्या अडलेल्या पार्टिशनवर असेल, तर पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

एका साडीच्या दुकानातलं हिशोबाचं मशीन आमच्याकडे आलं होतं. ई ड्राइव्ह पूर्ण रिकामा, एकही फाइल दिसत नाही, तरी फॉर्मॅट होईना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर 'पेज फाइल' असं लिहिलेलं होतं. सी भरला तेव्हा कुणीतरी विंडोजची पेज फाइल ई वर हलवून ठेवली होती. ही फाइल विंडोज जास्तीची मेमरी म्हणून वापरतं. ती लपलेली असते आणि विंडोज चालू असेपर्यंत ती धरून ठेवतं. उपाय सोपा आहे: सिस्टिमच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये जा, तिथून 'परफॉर्मन्स' आणि मग 'व्हर्च्युअल मेमरी'. ई निवडा, 'नो पेजिंग फाइल' वर खूण करा आणि 'सेट' दाबा. पुष्कळ जण 'सेट' न दाबता थेट 'ओके' करतात आणि मग बदल लागूच होत नाही. पेज फाइल परत सी वर द्या, मशीन रीस्टार्ट करा. त्या दुकानाचा ई ड्राइव्ह लगेच फॉर्मॅट झाला.

'सिस्टिम' हा शब्द असेल तर मात्र हात आखडता घ्या. विंडोज सात नव्या डिस्कवर स्वतःसाठी १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन बनवतं आणि मशीन सुरू करणाऱ्या फाइल त्यात ठेवतं. ते उडवून जेमतेम १०० एमबी मोकळी होणार आणि बदल्यात मशीन सुरूच होणार नाही. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलेलं असेल तर याहून फसवा प्रकार होतो: विंडोज एका डिस्कवर आणि सुरू करणाऱ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर. मग जुनी, निरुपयोगी वाटणारी डिस्क फॉर्मॅट होत नाही म्हणून लोक ती दुसऱ्या मशीनला लावून पुसतात, आणि घरी येऊन बघतात तर विंडोज उघडत नाही.

हिरवी चौकट दिसली तर ते एक्स्टेंडेड पार्टिशन. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन बसतात, म्हणून जास्त ड्राइव्ह हवे असतील तर एकाला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह बनवतात. आतले सगळे लॉजिकल ड्राइव्ह आधी काढा, बाहेरची चौकट त्यानंतर निघते. क्रम उलटा चालत नाही.

लिनक्स, मॅक आणि नव्या पद्धतीच्या डिस्क

कॉलेजात असताना मुलाने लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) टाकलं, मुलगा आता पुण्याला किंवा बेंगळुरूला, आणि घरच्यांना ते काढायचंय. विंडोजला ते पार्टिशन वाचता येत नाही, डिलीट मात्र करता येतं, आणि खरा धोका तिथेच आहे. मशीन सुरू करणारा ग्रब त्या लिनक्सच्या पार्टिशनवर अवलंबून असतो. ते गेलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं. विंडोज सातची डीव्हीडी आधी हाताशी ठेवा, मगच डिलीट करा. मशीन अडलंच तर डीव्हीडीवरून रिपेअरमध्ये जाऊन 'बूटरेक' कमांडला 'फिक्सएमबीआर' सांगितलं की विंडोज पुन्हा सुरू होतं. एक्सपीत हेच काम रिकव्हरी कन्सोलमधलं 'फिक्सएमबीआर' करतं.

लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (डिस्कवर न टाकता थेट चालणारं लिनक्स) जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना कधीकधी पार्टिशनशेजारी किल्लीचं चिन्ह दिसतं आणि काहीच करता येत नाही. लाइव्ह सीडीने डिस्कवरचं स्वॅप पार्टिशन (लिनक्सची पेज फाइलच म्हणा) आपणहून वापरायला घेतलेलं असतं. त्यावर राइट क्लिक करून 'स्वॅपऑफ' करा, कुलूप निघतं.

मॅकवर वापरलेल्या बाहेरच्या डिस्कवर सुरुवातीला २०० एमबीचं एक पार्टिशन असतं. विंडोजमध्ये त्यावर राइट क्लिक केलं तर 'हेल्प' सोडून सगळे पर्याय फिकट. नव्या, म्हणजे जीपीटी पद्धतीची डिस्क ३२ बिट एक्सपीला जोडली तर अख्खी डिस्क 'प्रोटेक्टिव्ह' म्हणून दिसते आणि एक्सपी तिला हात लावू देत नाही. नव्या मशीनवर ती बहुधा व्यवस्थित उघडते, म्हणून आत काही आहे का ते आधी तिथे बघा.

डिस्कपार्ट: काम करतो, विचारत नाही

मॅकच्या त्या २०० एमबीसारख्या राखीव पार्टिशनांसाठी विंडोजचा स्वतःचा 'डिस्कपार्ट' हा कमांडवर चालणारा प्रोग्राम आहे. तो चालवण्याआधी आमच्या कारागिरांना एक नियम आहे: जी डिस्क वाचवायची, तिची केबल काढून ठेवायची. दोन डिस्क सारख्याच आकाराच्या असल्या तर आकड्यांवर विसंबून राहणं धोक्याचं आहे. केबल काढलेली डिस्क कुणी चुकूनही पुसू शकत नाही.

कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. 'लिस्ट डिस्क' म्हटलं की डिस्कची यादी येते. 'सिलेक्ट डिस्क १' करा, मग 'लिस्ट पार्टिशन', मग 'सिलेक्ट पार्टिशन' आणि त्याचा आकडा. इथे थांबा. 'लिस्ट पार्टिशन' पुन्हा द्या आणि तारकेचं चिन्ह कुठल्या ओळीपुढे आहे, त्या ओळीतला आकार तुम्हाला हवा तोच आहे का, हे मोठ्याने वाचा. बरोबर असेल तरच 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. राखीव पार्टिशनही त्याने जातं.

इंटरनेटवर याऐवजी 'क्लीन' लिहा असं सर्रास सांगितलेलं असतं. 'क्लीन' एक पार्टिशन काढत नाही, निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं काढतं, आणि 'नक्की का?' असं एकदाही विचारत नाही. अख्खी डिस्क रिकामी करायची असेल तेव्हाच तो शब्द वापरा.

सी ड्राइव्हच काढायचा असेल तर विंडोज चालू असताना ते होणार नाही. मशीन डीव्हीडीवरून सुरू करा. सात टाकताना 'ड्राइव्ह ऑप्शन्स' वर क्लिक केल्याशिवाय डिलीट आणि फॉर्मॅट दिसत नाहीत. एक्सपीत पार्टिशन निवडून डी दाबायचं आणि खात्री म्हणून एल.

डिस्कच आजारी असेल तर

फॉर्मॅट दर वेळी त्याच टक्क्यावर येऊन अडकत असेल, डिस्कमधून टिकटिक येत असेल, साधं फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल, तर दोष पार्टिशनचा नाही. अशा डिस्कवर हवा असलेला डेटा असेल तर मशीन लगेच बंद करा. फॉर्मॅट नको, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नको, पुन्हापुन्हा चालू करून बघणंही नको. प्रत्येक प्रयत्नागणिक डेटा परत मिळण्याची आशा कमी होत जाते.

डेटा नको असेल तर आम्ही डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचतो. 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे) आकडे वाढत असतील तर ती डिस्क निवृत्त करावी. तिच्यावर हिशोब किंवा घरचे फोटो ठेवा असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. नुसता 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर मात्र बहुधा साटा केबल (डिस्क जोडणारी तार) सैल किंवा खराब असते. आधी ती बदलून पाहतो, कारण केबलच्या पैशांत भागत असेल तर नवी डिस्क कशाला घ्यायची?

नव्याने फॉर्मॅट करताना

विंडोजसाठी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, एनटीएफएस निवडा. एफएटी ३२ मध्ये ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

क्विक फॉर्मॅट ही हजेरीपटावरची नावं खोडण्यासारखी गोष्ट आहे, मुलं वर्गातच बसलेली असतात. म्हणजे फाइलची नोंद जाते, मजकूर डिस्कवर राहतो आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत काढता येतो. तुम्ही चुकून फॉर्मॅट केलं असेल तर हीच गोष्ट कामाला येते. त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका आणि तशीच घेऊन या. फुल फॉर्मॅट विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक जागी शून्य लिहितो. एक्सपीचा फुल फॉर्मॅट फक्त खराब सेक्टर तपासतो, डेटा पुसत नाही. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला फुल फॉर्मॅटसाठी दीड-दोन तास सहज लागतात, त्याला अडकलं समजू नका.

डी काढून सी मोठा करायचा असेल तर मोकळी झालेली जागा सी च्या लगेच उजवीकडे हवी, तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. मध्ये दुसरं पार्टिशन असेल तर ते सरकवावं लागतं, आणि सरकवताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. साध्या फॉर्मॅटमध्ये वीज गेली तर फॉर्मॅट पुन्हा करता येतो. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी पार्टिशन सरकवायचं काम आम्ही चालत्या यूपीएसशिवाय हाती घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

मशीन विकणार असाल किंवा डिस्क नगर निगमाच्या गाडीतल्या ई-कचऱ्याच्या डब्यात टाकणार असाल, तर क्विक फॉर्मॅट पुरेसा नाही. डिस्कपार्टमधलं 'क्लीन ऑल' पूर्ण डिस्कवर शून्य लिहितं. वेळ लागतो, पण बँकेची कागदपत्रं आणि आधारच्या प्रती दुसऱ्याच्या हाती पडत नाहीत. एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कला) ही पद्धत योग्य नाही, तिच्यासाठी कंपनीचा 'सिक्युअर इरेज' वापरावा लागतो.

नव्याने विंडोज टाकणाऱ्यांना एक विनंती: एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला आणि सातचे १४ जानेवारी २०२० ला थांबले. अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका.

आमच्याकडे मशीन आणताना

डेस्कटॉप असेल तर फक्त सीपीयू आणा, मॉनिटर आणि की-बोर्ड इथे आहेत. लॅपटॉपबरोबर चार्जर आणा. विंडोजचा पासवर्ड, प्रोग्रामांच्या सीडी आणि लायसन्सचे नंबर, आणि डेटा मावेल एवढी रिकामी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह सोबत असू द्या. कुठले फोल्डर हवे ते कागदावर लिहून द्या. कॉपी केलेल्या फाइल आम्ही तुमच्यासमोर उघडून दाखवतो आणि त्याच कागदावर तुमची सही झाल्यावरच पार्टिशनला हात लावतो.