पहिला नंबर कुणाचा, हे बेंचवर बसलेला ठरवतो

७ सप्टेंबर २००८, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सची सीझनमधली पहिलीच मॅच. पहिला क्वार्टरसुद्धा संपला नव्हता आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन पास फेकणारा मुख्य प्लेअर, टॉम ब्रेडी याच्या डाव्या गुडघ्यावर समोरच्या टीमचा एक डिफेंडर येऊन आदळला, लिगामेंट फाटली, ब्रेडीचा सीझन तिथेच संपला. आदल्या वर्षी याच टीमने लीगमधल्या १६ पैकी १६ मॅच जिंकल्या होत्या. आता मैदानात उतरला मॅट कॅसल, ज्याने हायस्कूल सोडल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून एकही मॅच सुरुवातीपासून खेळली नव्हती. त्याला घेऊन पेट्रियट्स ११ मॅच जिंकले.

आता दुसरी टीम बघा. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ पासून एकही मॅच न चुकवता खेळत होता, मग मानेच्या ऑपरेशनमुळे २०११ चा अख्खा सीझन बाहेर बसला. आदल्या वर्षी १० विजय मिळवणारी ती टीम सलग पहिल्या १३ मॅच हरली आणि सीझनच्या शेवटी तिच्या खात्यात फक्त २ विजय होते.

ब्रेडी आणि मॅनिंग यांच्यात भारी कोण यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात, भांडू देत. पण सीझन सुरू व्हायच्या आधी जेव्हा आपण ‘टीममधले सगळ्यात महत्त्वाचे प्लेअर’ अशी यादी करायला बसतो तेव्हा प्रश्न वेगळा असतो. भारी असणं हा त्या माणसाचा गुण झाला, महत्त्वाचं असणं म्हणजे तो आणि त्याच्या जागी जो उभा राहील तो, या दोघांमधलं अंतर. मला तर वाटतं यादी करताना नजर आधी बेंचकडेच जायला हवी, मैदानातल्या अकरा जणांकडे नंतर.

अर्थात दोन टीमच्या दोन गोष्टींवरून नियम होत नाही, कोल्ट्स नुसत्या एका माणसामुळे कोसळले असंही कुणी छातीठोक सांगू नये. सीझन आता १७ मॅचचा आहे, २०२१ पासून, आणि एवढ्या कमी मॅचमध्ये नशीब खूप खेळ करतं. समजा एक टीम अगदी मध्यम आहे, प्रत्येक मॅच तिच्यासाठी नाणेफेक. तरी १०० पैकी साधारण ८६ सीझनमध्ये तिचे विजय ६ ते ११ या पट्ट्यात कुठेही पडतील. म्हणजे तीच टीम, तेच प्लेअर, एका वर्षी ६ विजय म्हणून कोचची नोकरी जाते आणि दुसऱ्या वर्षी ११ विजय म्हणून मिरवणूक निघते. त्यामुळे नुसते हारजीतचे आकडे बघून कुणाचं महत्त्व ठरवणं धोक्याचं, आणखी खाली, एकेका प्लेपर्यंत, म्हणजे मॅचमधल्या एकेका चालीपर्यंत उतरावं लागतं.

तिथपर्यंत पहिल्यांदा उतरणाऱ्यांपैकी एक जण स्वतः क्वार्टरबॅक होता याचं मला फार कौतुक वाटतं. व्हर्जिल कार्टर आणि नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट मॅकॉल, या दोघांचा पेपर १९७१ साली आला. त्यांनी १९६९ च्या सीझनमधल्या ५६ मॅच घेतल्या, त्यातले २,८५२ प्ले घेतले आणि साधा प्रश्न विचारला की बॉल या जागी असताना सरासरी पुढचे पॉइंट कुणाला मिळतात आणि किती? उत्तर असं आलं की समोरच्याच्या गोललाईनपासून ५ यार्डांवर बॉल असेल तर ती जागाच साधारण ६ पॉइंटची, आणि स्वतःच्या गोललाईनजवळ ५ यार्डांवर अडकला असाल तर किंमत उणे सव्वा, म्हणजे बॉल तुमच्या हातात असूनही पुढचे पॉइंट समोरचा काढण्याची शक्यता जास्त. एकदा मैदानाच्या प्रत्येक जागेला अशी किंमत लागली की प्लेच्या आधीची किंमत, नंतरची किंमत, वजाबाकी केली की त्या प्लेने किती कमावलं ते कळतं. आजची बरीच आकडेमोड याच वजाबाकीवर उभी आहे.

पण कमावलं कुणी? एका प्लेमध्ये अकरा जण राबतात आणि स्कोअरकार्डवर नाव येतं दोघातिघांचं. पासिंग प्लेमध्ये क्वार्टरबॅकच्या हातातून बॉल सुटायला जेमतेम अडीच-पावणेतीन सेकंद लागतात, आणि त्या वेळात क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभ्या असलेल्या पाच जणांच्या लाईनमधला डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल काय करतो ते एकदा नीट बघा, शक्य असेल तर स्लो मोशनमध्ये. गुडघे वाकवून बसलेला तो दीडशे किलोच्या आसपासचा माणूस तिरका मागे सरकतो, क्वार्टरबॅकला पाडायला समोरून धावत येणाऱ्या एज रशरच्या छातीवर दोन्ही हात टेकवतो आणि त्याला गोल वळसा घालायला लावतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ नेमकी याच बाजूला असते, त्याला हा हल्ला दिसतच नाही. टॅकलने काम चोख केलं तर स्कोअरकार्डवर त्याच्या नावापुढे काहीच येत नाही. नाव घेतलं जातं ते चुकल्यावर.

लाईनमधले असे पाच जण मिळून एक साखळी बनते आणि साखळीचं गणित बेरजेचं नसतं, गुणाकाराचं असतं. धरून चालू की प्रत्येक जण १०० पैकी ९५ वेळा आपला माणूस अडवतो. मग पाचही जणांनी एकाच वेळी अडवण्याची शक्यता ०.९५ पाच वेळा गुणून येते, साधारण ७७ टक्के. यातला एक जण सुधारून ९९ झाला तर हा आकडा जातो ८१ वर. पण एक जण जखमी झाला आणि त्याच्या जागी ८० वाला आला तर आकडा घसरतो ६५ वर. वर जायला ४, खाली यायला १२! म्हणून लाईनमध्ये स्टार शोधण्यापेक्षा सहावा माणूस कोण आहे हे विचारणं जास्त महत्त्वाचं, आणि सहावा कच्चा असेल तर ते पाचही जण यादीत आपोआप वर सरकतात, त्यांनी काही वेगळं न करता.

श्रेयाची वाटणी कशी करायची याचं सुंदर उत्तर खेळाच्या बाहेरून आलंय. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली ते मांडलं, आणि २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना अशी की प्लेअर एकेक करून खोलीत येतात, प्रत्येक जण आल्यावर टीमची किंमत किती वाढली ते लिहून ठेवायचं, आणि येण्याचे जितके क्रम शक्य आहेत त्या सगळ्यांची सरासरी काढायची. तीनच जण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. क्वार्टरबॅक एकटा २ पॉइंटचा, टॅकल आणि रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) त्याच्याशिवाय एकेकटे किंवा दोघं मिळूनही शून्य, क्वार्टरबॅक आणि टॅकल ६, क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर ५, तिघं मिळून १२. येण्याचे क्रम सहा होतात. सगळे करून बघितले की क्वार्टरबॅकच्या वाट्याला येतात ६.५, टॅकलच्या ३ आणि रिसीव्हरच्या २.५. गंमत बघा, एकटा असताना शून्य किमतीचा टॅकल पाव हिस्सा घेऊन गेला, कारण तो असला की बाकीच्यांची किंमत वाढते.

तिघांचे सहा क्रम हाताने होतात. पण ५३ जणांच्या पूर्ण टीमचे क्रम मोजायला गेलात तर ४ च्या पुढे ६९ शून्यं लागतील, त्यामुळे कॉम्प्युटरला काही हजार क्रम रँडम निवडून अंदाज काढावा लागतो. आणि प्रत्येक क्रमातल्या टीमची किंमत आधी माहिती हवी, खरी अडचण तीच आहे कारण बरेचसे प्लेअर वेगवेगळे करून कधी बघायलाच मिळत नाहीत, लाईनमधले पाच तर वर्षभर एकत्रच खेळतात. आता शोल्डर पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे प्रत्येक प्लेअरची जागा सेकंदाला १० वेळा नोंदली जाते, त्यामुळे टॅकलने रशरला किती वेळ किती लांब ठेवलं हे तरी मोजता यायला लागलंय. ज्यांच्या नावापुढे कायम कोरं राहायचं त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मग सीझनच्या आधीची यादी करायची कशी? माझा हिशोब असा: त्या जागेवर खेळ किती फिरतो, गुणिले तो माणूस आणि मागचा माणूस यांच्यातलं अंतर. हे मैदानात उतरणाऱ्यांसाठी झालं. बेंचवरच्यासाठी त्याची पाळी येण्याची शक्यता धरायची आणि अंतर मोजायचं त्याच्या मागच्या, तिसऱ्या माणसापासून. या दुसऱ्या भागाकडे जवळजवळ कुणी बघत नाही.

फिलाडेल्फिया ईगल्सचं २०१७ घ्या. सीझनच्या आधी कुणीही पहिला नंबर कार्सन वेन्ट्झ या क्वार्टरबॅकला दिला असता आणि लेफ्ट टॅकल जेसन पीटर्सला वरच्या पाचात बसवलं असतं. पीटर्स ऑक्टोबरमध्ये जखमी होऊन बाहेर गेला, वेन्ट्झ डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने. साखळीतल्या या दोन कड्या तुटल्यावर टीम कोसळायला हवी होती. पण डाव्या टोकाला हालापुलिवाती वायताई उभा राहिला, आणि बॉल हातात घेतला निक फोल्सने, ज्याला टीमने त्याच वर्षी मार्चमध्ये बॅकअप म्हणून परत आणलं होतं. ४ फेब्रुवारी २०१८ ला ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, ४१-३३ ने जिंकला, समोर होता ब्रेडी. मॅचचा सर्वोत्तम प्लेअर फोल्स. वरच्या हिशोबाने सीझन सुरू होतानाच त्याचं नाव यादीच्या पहिल्या दहात असायला हवं होतं, कारण त्याच्या मागे उभा असलेला नेट सडफेल्ड तोपर्यंत लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नव्हता.